न झाडलेली ओसरी

आमच्या घराची पुढची ओसरी मी होळीच्या आधी झाडायची सोडली, ती पाडवा होऊन गेला तरी झाडली नाही. गावातल्या बायका अजून त्यावरून बोलतात. एकीने तर आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तोंडावर विचारलं की तुमच्या सुनेचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी तेव्हा आत दूध तापवत होते. मला सगळं ऐकू आलं, पण बाहेर येऊन सांगता आलं नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, लहानपणापासूनच असं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहिता येतं. म्हणून जसं झालं तसं इथे लिहून ठेवते.

आमचं घर गावात नाही, वस्तीवर आहे. पुणतांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, उसाच्या शेतात. घराच्या उगवतीला थोरल्या दिरांचं गुऱ्हाळ आहे. हे मालकांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सख्खे नव्हे, चुलत भाऊ, पण वयाने मोठे. आमच्यात थोरल्या दिराशी बाईमाणूस समोरासमोर बोलत नाही. ते आले की मी पदर सारखा करून आत जायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्यांनाही माझ्याशी बोलायचं झालं तर ते मालकांना सांगायचे, "तुझ्या मंडळीला सांग."

गुऱ्हाळ जुनं आहे. सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळेपासून दिवाळीनंतर ते पेटतं आणि उन्हाळा तापला की थांबतं. त्याच्या धुराची मला कधी तक्रार नव्हती. उसाचा रस काढून झाला की उरलेलं चिपाड उन्हात वाळवायचं आणि तेच कढईखालच्या चुलवणाला घालायचं. तो धूर पांढरा असतो, त्याला गोड वास असतो, आणि तो वर निघून जातो. नवी नवरी असताना त्या वासाने मला माहेरची आठवण यायची.

पण दोन-तीन वर्षांपूर्वी हे बदललं. चिपाड वाळवायला माणसं लागतात, जागा लागते, ऊन लागतं. दिरांनी चिपाड बाहेर विकायला सुरुवात केली आणि जळणासाठी ट्रकने माल येऊ लागला. कुठल्या कारखान्यातले प्लास्टिकचे कापलेले तुकडे, चपलांचे उरलेले तळ, फोमच्या पट्ट्या, टायरचे तुकडे. ताडपत्री टाकून ट्रक यायचा आणि गुऱ्हाळाच्या मागे माल उतरायचा. आता धूर काळा झाला. थंडीत वारा उगवतीकडूनच येतो. धूर चिमणीतून निघाला की वर जायचा नाही, उसावरून सरपटत आमच्या अंगणात यायचा. त्यातून काळे धागे पडायचे. बोट लावलं की चिकटायचे, झटकले की पसरायचे. दोरीवर वाळत घातलेली धोतरं, गाईंच्या पाठी, दुधाची किटली, तुळशीची पानं, सगळ्यावर तेच. कुरडया घातल्या तर त्यांच्यावर काळे ठिपके. वास असा की जेवताना घास घशाखाली उतरत नव्हता.

मी हे सगळं सोसत होते. दिवसातून तीनदा झाडायचं, दोनदा पुसायचं. बायकांचं कामच ते, असं मला वाटायचं. धूर दुसऱ्याचा आणि झाडणं माझं, यात काही अन्याय आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग नात आली. माझ्या सुनेचं माहेर जामखेडचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि मार्गशीर्षात आम्ही वाजतगाजत दोघींना घरी आणलं. आठवडाही गेला नसेल, पोर घरघर करायला लागली. रात्री छाती भात्यासारखी हलायची. सून तिचं नाक मऊ कापडाने पुसायची आणि ते कापड मला दाखवायची. कापडावर काळं असायचं. इतक्या लहान नाकातून काळं. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, घरात चूल आहे का? आम्ही म्हटलं, गॅस आहे. शेजारी काय जळतं? मुलाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पोरीला तिथून हलवा, औषधाने हे बरं व्हायचं नाही.

सुनेचे वडील जामखेडहून गाडी घेऊन आले. वाईट बोलले नाहीत, पण मालकांना एवढं म्हणाले, "पाव्हनं, पोरगी नांदायला दिली हाय, धुरात कोंडायला न्हाई." सून जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाही. पण हा धूर हाय तवर मी हिला घेऊन येणार नाही." तिने तसं सांगितलं ते बरं केलं. पण पाळणा रिकामा टांगलेला होता आणि मला त्याच्याखालून रोज जावं लागायचं.

गावात काय बोलावं लोकांनी? सुनेला मुलगी झाली म्हणून सासूने परत पाठवली. गप्प बसणाऱ्या बायका आतल्या गाठीच्या असतात. हे मला दळणाच्या गिरणीत ऐकायला आलं. मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आले. रडले नाही, पण त्या दिवसापासून माझ्या पोटात एक राग बसला, तो अजून गेलेला नाही.

मालक दिरांकडे गेले. दोघे लहानपणी एका ताटात जेवलेले. दीर म्हणाले, गुऱ्हाळाचा धूर म्हणजे लक्ष्मी, आपल्या आज्याने हेच केलं, पोरांना सर्दी होतेच. मालकांनी सांगितलं की आज्याने चपला जाळल्या नव्हत्या. मग दिरांचा आवाज चढला. ते म्हणाले, "आणि तुझं घर रं? शेतात बांधलंय. बिनशेतीची परवानगी हाय का? मी एक अर्ज टाकला तर जेसीबी येईल दारात. आधी आपलं बघ."

हे ऐकून मालक घरी आले आणि खाटेवर बसून राहिले. धुराचं राहिलं बाजूला, आता घर पाडतील याची भीती. मला सगळ्यात चीड याचीच येते. ज्याने घाण केली तो भ्यायला हवा, तर भ्यालो आम्ही.

तरी ग्रामसभेत मालकांनी विषय काढला. मी बायकांच्या रांगेत मागे बसले होते. एकजण हसत म्हणाला, एवढी शुद्ध हवा पाहिजे असेल तर हिवरे बाजारला बिऱ्हाड करा. लोक हसले. सरपंच म्हणाले, भावकीचं भांडण ग्रामसभेत आणू नका, लेखी द्या. लेखी दिलं. ते कुठे गेलं कोण जाणे.

मग तालुक्याच्या कोर्टातून मारुतीच्या देवळात शिबिर आलं. कायदा सांगायला वकील लोक येणार म्हणून बचतगटाच्या बाईने सगळ्यांना ओढून नेलं. चहा आणि बिस्किटं होती. वकिलांनी माइकवर बरंच सांगितलं, त्यातलं थोडं कळलं. त्यांच्यात एक वकीलबाई होत्या, चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज जाड. कार्यक्रम संपल्यावर त्या चप्पल घालत होत्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. कशी गेले ते मला माहीत नाही. पाय गेले.

मी जे विचारलं ते आता वेडेपणाचं वाटतं, पण तेव्हा माझ्या मनात तेच प्रश्न होते. चूल त्याच्या हद्दीत आणि धूर आमच्या हद्दीत, मग गुन्हा कुठे धरायचा? भावकीत असेल तरी कायदा चालतो का? आमचं घर शेतात आहे, मग आम्हाला तक्रार करता येते का? आणि वकिलाला द्यायला पैसे नसले तर?

वकीलबाई देवळाच्या पायरीवर परत बसल्या. म्हणाल्या, "ताई, सगळं सांगते. धुराला हद्द नसते, म्हणून कायद्यालाही तिथे हद्द नाही. भावकी घरात, कचेरीत नाही. शेतकऱ्याने आपल्या शेतात राहण्यापुरतं घर बांधलं तर त्यावर लगेच जेसीबी येत नाही. कागद काही राहिले असतील तर ते वेगळं बघू. तुमचं काही राहिलं म्हणून त्याला तुमच्या पोरीच्या नाकात धूर घालायचा हक्क मिळत नाही. आणि बाईला वकील फुकट मिळतो. तुमची कमाई कितीही असो. अर्ज तुमच्या नावाने करा."

माझ्या नावाने म्हटल्यावर मी एक पायरी खाली उतरले. घराच्या बाहेर माझं नाव कधी कुठे गेलं नव्हतं. पण पाळणा डोळ्यासमोर आला आणि मी हो म्हटलं. मालकांनाही ते बरं वाटलं असावं. भावाविरुद्ध त्यांना सही करायची नव्हती. त्याचाही मला थोडा राग आला.

अर्ज प्रांतसाहेबांच्या कचेरीत गेला. काही दिवसांनी निरोप आला की गुरुवारी एक साहेब पाहणीला येणार आहेत.

आता जे झालं ते लिहिताना मला हसू येत नाही, जरी वकीलबाई नंतर हसल्या होत्या. साहेब घरी येणार. आमच्याकडे कोणी येणार म्हटलं की पहिलं काय करतात? आत्याबाईंनी बुधवारी पहाटेच पदर खोचला. मी, आत्याबाई आणि शेजारच्या वस्तीवरची माझी धाकटी जाऊ, आम्ही तिघींनी घर घासून काढलं. ओसरीच्या भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, वर चुन्याचा हात दिला. खिडक्यांचे गज एकेक करून धुतले. पत्र्यावर पाणी मारलं. गोधड्या झटकल्या, खाटेवर नवी सोलापुरी चादर घातली. अंगण सारवलं, रांगोळी काढली. तुळशीची पानंसुद्धा मी एकेक पुसली. पाहुण्याने आपलं घर घाण बघावं ही कल्पनाच आम्हाला सहन होत नव्हती. तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की ते घाण बघायलाच येणार आहेत.

गुरुवारी साहेब आले, बरोबर तलाठी. गुऱ्हाळ बंद होतं. दिरांनी सांगितलं की कढई गळायला लागली म्हणून दुरुस्तीला काढली. कोणी आधी कळवलं होतं ते देवाला ठाऊक. साहेब ओसरीवर बसले, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा घेतले. भिंतीकडे बघून म्हणाले, "इतकं स्वच्छ घर मी तालुक्यात कुठं बघितलं नाही." मी दाराआड उभी होते. मला बरं वाटलं. खरं सांगते, ऊर भरून आला. आत्याबाईंनी त्यांच्या चहात जास्त साखर घातली.

जाताना ते म्हणाले, नियमाप्रमाणे बघू. आणि वर अहवाल पाठवला की अर्जदाराच्या घरात किंवा अंगणात काजळी आढळली नाही.

वकीलबाईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी समजलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, साहेब यायच्या आधी तुम्ही काय केलं? मी सांगितलं. त्या जोरात हसल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही पुरावा पुसून टाकलात."

फोन ठेवला आणि मी त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसले. साहेबांनी मान वर केली असती तर आंब्याची पानं काळी दिसली असती. गुऱ्हाळाच्या चिमणीचं तोंड दिसलं असतं. मागच्या बाजूला चार पावलं गेले असते तर ताडपत्रीखालचा ढीग दिसला असता. ते गेले नाहीत. त्यांना माझी भिंत दिसली. ज्या भिंतीसाठी माझी कंबर मोडली, तीच माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. घाण करणाऱ्याने ती झाकायची आणि सोसणाऱ्याने ती उघडी ठेवायची, हा कुठला न्याय? मी रोज झाडते म्हणून माझ्यावर अन्याय होत नाही, असं ठरवणारा कोण?

वकीलबाईंनी पुन्हा अर्ज केला. या वेळी त्यांनी मागितलं की पाहणी न सांगता व्हावी. मला एकच काम सांगितलं, साहेब कधीही येतील, तोवर एक ओसरी झाडायची नाही. स्वयंपाकघर झाडा, माजघर झाडा, गोठा धुवा. पुढची ओसरी तशीच राहू द्या.

ऐकायला सोपं आहे. त्या दिवसांत माझ्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी आयुष्यात झाली नाहीत. गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं आणि चुन्याच्या भिंतीवर रेघा उतरायला लागल्या. आत्याबाईंचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरी पहाटे उठून केरसुणी शोधायच्या. मी ती गोठ्यात ठेवायची. त्या काठी टेकत गोठ्यापर्यंत जायच्या. मी हात धरायची तर म्हणायच्या, "अगं, दारात लक्ष्मी येती का न्हाई? आशी काळी ओसरी मड्याच्या घरी बी नसती." मी म्हणायची, आत्याबाई, थोडे दिवस. त्या म्हणायच्या, "थोडं दिवस म्हनून म्हनून मी पन म्हातारी झाले."

एकदा मी दूध घालून आले तर त्यांनी एक कोपरा झाडलाच होता. मी त्यांच्यावर ओरडले. मी, आत्याबाईंवर. त्या तिथेच बसल्या. मग मीही त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "पोरगी येईल का गं यानं?" मी म्हटलं, येईल म्हणूनच. त्यानंतर त्यांनी केरसुणी मागितली नाही. फक्त सकाळी उठून ओसरीकडे पाठ करून बसायच्या, तोंड गोठ्याकडे.

पाडव्याला लोक येतात. तेव्हा जास्त जड गेलं. गुढी उभारायची ती पुढच्याच दारात. मी उंबरा धुतला, रांगोळी काढली, गुढी उभारली, आणि मागे ती काळी ओसरी तशीच. भावकीतल्या बायका पदर नाकाला लावून आल्या. एक म्हणाली, सून गेली आणि हिने घरच सोडून दिलं. दुसरी म्हणाली, आजकाल नुसती मोबाईल बघत असेल. मी त्यांना साखरगाठी दिल्या. माझ्या ओठावर आलं होतं की तुमच्या ओसरीवर नाही पडत म्हणून तुम्ही हसता. तसं न म्हणता मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यानंतर एका दुपारी साहेब आले. हे दुसरे होते, वयाने लहान, मोटारसायकलवर, बरोबर एक शिपाई. न सांगता. वारा उगवतीकडून होता आणि चिमणी ओकत होती. आत्याबाई ओसरीत होत्या. घरात पाहुणा आला म्हणताच त्यांनी पदर हातात घेतला आणि भिंतीलगतचं बाकडं पुसायला वाकल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाव्हन्याला काळ्यात बसवती व्हय गं?"

साहेब म्हणाले, "राहू द्या आजी, मी उभाच बरा."

मी डोकं खाली घालून म्हटलं, "बसा साहेब."

परक्या पुरुषाशी माझे तोवर एवढेच शब्द. ते बसले. पाठ भिंतीला टेकली. उठले तेव्हा पांढऱ्या शर्टावर मागे भिंतीचा ठसा होता आणि पँटवर बाकड्याचा. शिपायाने सांगितलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी हाताने झटकायला बघितलं तर ते आणखी पसरलं. म्हणाले, "हे निघत नाही का?" आत्याबाई म्हणाल्या, "निघतंय की. रोज तीनदा धुवा, मंग निघतंय."

साहेब त्याच कपड्यांनी गुऱ्हाळावर गेले. या वेळी मागच्या बाजूलाही गेले. ताडपत्री त्यांनी स्वतः उचलली असं शिपायाने नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात सुनावणी झाली. प्रांतसाहेबांच्या कचेरीत लाकडी बाकावर मी आणि मुलगा बसलो होतो. समोर दीर आणि त्यांचे वकील. मी पदर पुढे ओढून घेतला होता. त्यांचे वकील हुशार होते. म्हणाले, हे घराण्याचं जुनं गुऱ्हाळ आहे, अर्जदार बाई इतकी वर्षं शेजारी राहिल्या, दरवर्षी ह्याच गुऱ्हाळाची काकवी घरी नेत होत्या, तेव्हा धूर लागला नाही. आता भावकीच्या वैरातून हे चाललं आहे. मग घराचा विषय काढला, शेतातलं घर, परवानगी. वकीलबाई उठून म्हणाल्या की घराचा अर्ज वेगळा करा, तिथे आम्ही उत्तर देऊ, इथे धुराचं चाललं आहे. प्रांतसाहेबांनी ते मानलं.

मग ते मला म्हणाले, बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मी उभी राहिले. काय बोलायचं ते वकीलबाईंनी शिकवलं होतं, ते सगळं विसरले. मी काहीतरी बोलले, ते त्यांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, मोठ्याने. मी म्हटलं, "साहेब, काकवी नेली ती चिपाडावरची होती. चपलांवरची नेली न्हाई."

मागे कोणीतरी हसलं. प्रांतसाहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

हुकूम असा झाला की चुलवणात चिपाडाशिवाय दुसरं काही जाळायचं नाही, चिमणी उंच करायची, आणि ते झाल्याशिवाय पुढच्या हंगामात गुऱ्हाळ पेटवायचं नाही. मुलाने तो मला दोनदा वाचून दाखवला. दीर त्या दिवसापासून आमच्या बांधावरून जात नाहीत. त्यांच्या नातीच्या लग्नाला आम्हाला पत्रिका आली नाही. मालकांना ते लागलं. ते भावाच्या घराकडे बघायचं टाळतात. मला वाईट वाटतं, पण त्यातही राग येतोच. चूक कोणाची आणि तोंड लपवतं कोण?

ओसरी मी आणि आत्याबाईंनी सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी धुतली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काही डाग गेले नाहीत.

आषाढात सून आणि नात घरी आल्या. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंदच असतं, त्यामुळे ते खरं येणं नव्हतं हे सुनेलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने कपाटात अर्धेच कपडे लावले, अर्धे बॅगेत ठेवले. पोर रांगायला लागली, मग भिंत धरून उभी राहायला लागली. छाती स्वच्छ होती.

दिवाळी झाली. नवी चिमणी उभी राहिली. गुऱ्हाळ पेटलं. पहिले काही दिवस धूर पांढरा होता, तो जुना गोड वास आला. सून रोज सकाळी दारात उभी राहून वर बघायची. बॅग अजून तशीच होती.

मग परवा दुपारी रस्त्यावरून ताडपत्री टाकलेला ट्रक वळला. मालक रानात होते, मुलगा दुधाची गाडी घेऊन गेलेला. सून पोरीला झोपवत होती. तिने खिडकीतून बघितलं आणि पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा मी बघितला. ती बॅगेकडे जाणार होती.

मी चप्पल घातली आणि वाटेवर जाऊन उभी राहिले. ट्रक माझ्यासमोर थांबला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग शिवी न देता मान बाहेर काढून म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. मी झाले नाही. दीर गुऱ्हाळातून आले. माझ्याकडे न बघता उसाकडे बघत, जणू तिथे मालक उभे आहेत असं म्हणाले, "हिला सांग, घरी जा म्हनावं."

मी पदर डोक्यावर घेतला नाही. त्यांच्याकडे बघून म्हटलं, "दादा, ताडपत्री सोडायला सांगा."

ते ड्रायव्हरला म्हणाले, काही नाही त्यात, पोती आहेत. मी म्हटलं, "पोती आसतील तर बघू द्या. मी बघते आन् जाते. न्हाई तर साहेबांना फोन लावते, नंबर हाय माझ्याकडं."

नंबर माझ्याकडे नव्हता, मुलाच्या मोबाईलवर होता. ते त्यांना माहीत नव्हतं. ड्रायव्हर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. गाडीचं इंजिन चालूच होतं. शेवटी दीर त्याला म्हणाले, "वळव." आणि गुऱ्हाळात निघून गेले. अरुंद वाटेवर ट्रक वळवायला त्याला बराच वेळ लागला. मी उसात पाऊल मागे घेऊन उभी राहिले, पण तो मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत हलले नाही.

हुकूम कचेरीने दिला, पण तो पाळला जातो का हे बघायचं काम माझ्याच गळ्यात आलं आहे. साहेब रोज येणार नाहीत. ग्रामपंचायत येणार नाही. मला घर आहे, गाई आहेत, आत्याबाई आहेत, आणि आता ट्रकच्या वाटेवर उभं राहणंही आहे. मला याचा संताप येतो आणि मी तरीही उभी राहणार आहे.

घरी आले तर सून ओसरीत होती, पोर तिच्या कडेवर. तिने विचारलं, "आई, परत आला तर?" मी म्हटलं, परत उभी राहीन. तिने पोरीला माझ्याकडे दिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने कपाटाचं दार वाजलं, आणि ती रिकामी बॅग झटकायला बाहेर आली.